कावेरीत सोडलेला आपला मासा

पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातून मिळालेल्या एका मोठ्या माशाचे वर्णन कर्नल विल्यम हेन्री साईक्स यांनी 1839 मध्ये प्रसिद्ध केले. दख्खनमधल्या अनेक माशांना त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडी असलेली नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. या माशाच्या नावातला ‘खुद्री’ हा शब्दही तसाच आपल्याकडचा. आज ‘टॉर खुद्री’ म्हणजेच निळ्या परांचा महाशीर या नावाने तो ओळखला जातो. भीमा आणि कृष्णा यांच्या खोऱ्यांत वाढलेला हा मासा आज शेकडो किलोमीटर दक्षिणेला, कावेरीतही भरपूर सापडतो. तिथे तो स्वतःहून पोहोचलेला नाही, कारण या दोन खोऱ्यांना जोडणारी वाहत्या पाण्याची वाट निसर्गात नाही. लोणावळ्याला तयार झालेले त्याचे बीज, म्हणजे लहान पिल्ले, माणसांनी कावेरीत नेऊन सोडले, आणि सोडताना त्यांचा हेतू चांगला होता. तो जिथे स्थिरावला, तिथे मुळातला कावेरीचा महाशीर मात्र आज नामशेष होण्याच्या कडेला उभा आहे. नदीत मासे सोडणे हे आपण निखळ पुण्यकर्म मानतो, आणि ही समजूत तपासून पाहण्यासाठी याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही. ते उदाहरण आपल्या घरचे आहे, म्हणून त्याकडे पाहण्याची जबाबदारीही आपली अधिक आहे.

लोणावळ्याच्या कामाबद्दल आधी आदराने लिहिले पाहिजे. धरणांनी अडवलेले प्रवाह, सुरुंगाने केलेली मासेमारी आणि शहरांचे सांडपाणी यांमुळे दख्खनच्या नद्यांतला महाशीर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने कमी होत होता. अशा वेळी, 1970 च्या सुमारास, डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला या माशाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. पुढे टाटा वीज कंपनीच्या वळवण येथील केंद्रात शशांक ओगले यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते काम अनेक वर्षे नेटाने चालवले. मादीची अंडी आणि नराचे शुक्र एकत्र आणून, वाहत्या स्वच्छ पाण्यात मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, जगवून, त्यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) होईपर्यंत सांभाळायची, हे ज्या काळात फारसे कुणी केलेले नव्हते त्या काळात त्यांनी ते केले. निळ्या परांच्या महाशीराची आज जागतिक धोकासूचीत पूर्वीइतकी चिंता केली जात नाही. त्याला एके काळी संकटग्रस्त मानले गेले होते आणि अलीकडच्या मूल्यमापनात तो सर्वांत कमी काळजीच्या गटात गेला आहे. हा मासा हातचा जाऊ नये म्हणून झटलेल्या माणसांना कमी लेखण्याचा या लेखाचा उद्देश नाही. चूक झाली ती पुढच्या पायरीवर, म्हणजे तयार झालेले बीज कुठे जावे हे ठरवताना. त्या काळच्या ज्ञानाच्या मर्यादेत ती चूक समजण्याजोगी होती. ती आज पुन्हा होत असेल, तर मात्र समजण्याजोगी नाही.

कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा आहे. डोक्यामागे उंच उठलेल्या वशिंडामुळे आणि नारिंगी परांमुळे तो चटकन ओळखू येतो, आणि आकाराने तो जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी आहे. कबिनी नदीत 1946 साली गळाला लागलेला 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा मासा आजही गळाने पकडलेल्या महाशीराचा विक्रम म्हणून सांगितला जातो. या माशासाठी देशोदेशींचे गळकरी कर्नाटकात येत असत, आणि 1970 नंतरच्या दशकांत कावेरीकाठी पकडून पुन्हा सोडून देण्याच्या अटीवर चालणारे मुक्कामही उभे राहिले. नदीत मासे भरपूर राहावेत ही या मंडळींची मनापासूनची इच्छा होती. त्या इच्छेतूनच महाशीराचे बीज आणून सोडण्यात आले. ते मिळण्याची खात्रीची जागा होती लोणावळा. महाशीर तो महाशीर, असा साधा हिशेब त्यामागे होता.

पुढे काय झाले हे आपल्याला कळते ते गळकऱ्यांनीच नीट ठेवलेल्या वह्यांमुळे. कावेरीच्या एका पट्ट्यात 1998 ते 2012 या काळात झालेल्या 23,620 तासांच्या मासेमारीची आणि त्यात पकडून सोडलेल्या 6,161 महाशीरांची नोंद अभ्यासकांनी तपासली. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेला तो अभ्यास दोनदा वाचावा असा आहे. वरवर पाहिले तर त्या आकड्यांत आनंदाची बातमी होती. तासाला मिळणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती, म्हणजे संरक्षण फळाला येत होते. मात्र त्याच वर्षांत माशांचे सरासरी वजन घटत गेले होते. मासे जातवार वेगळे केल्यावर चित्र उलगडले. लहान आणि मध्यम आकाराचे, म्हणजे नव्या पिढीचे मासे जवळजवळ सगळे निळ्या परांचे होते. वशिंडवाले जे थोडे मिळत होते ते मोठे, म्हणजे म्हातारे होते. त्यांच्या मागे पोरेबाळे दिसत नव्हती. 46.8 किलोंपर्यंतचे मासे या नोंदींत आहेत. पण चाळीस किलोंचा मासा दिसला म्हणून जात सुखरूप आहे असे समजणे म्हणजे वाड्यात आजोबा बसलेले पाहून घर नांदते आहे असे समजण्यासारखे आहे.

एकूण संख्या वाढत असताना मूळची जात संपत जाते, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर वाटते. आपली शासकीय यंत्रणा यश मोजते ते सोडलेल्या बोटुकल्यांच्या लाखांत आणि काढलेल्या माशांच्या टनांत. ती मोजपट्टी कावेरीवर लावली असती तर शेवटच्या वशिंडवाल्या माशापर्यंत योजना यशस्वीच ठरली असती. त्यात आणखी एक अडचण होती. जगभर प्रसिद्ध असलेल्या या माशाला सर्वमान्य शास्त्रीय नावच नव्हते. केरळातल्या पांबार नदीतून आधी वर्णन केलेला ‘टॉर रेमादेवी’ आणि कावेरीचा वशिंडवाला महाशीर हे एकच आहेत, हे 2018 मध्ये सिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. नाव नाही म्हणून सूचीत नाही, आणि सूचीत नाही म्हणून त्याच्यासाठी योजना नाही, अशा अवस्थेत या माशाची निर्णायक वर्षे निघून गेली. त्याच काळात त्याच्या पाण्यात सोडल्या जाणाऱ्या नातलगाला मात्र नाव होते, केंद्र होते आणि पाठबळही होते.

जवळच्या नातलगाने असे का करावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परक्या, राक्षसी, दात विचकणाऱ्या माशाची भीती आपल्याला पटते, पण आपल्याच कुळातला, शांत, दिसायलाही सारखा असा मासा धोकादायक कसा? जीवशास्त्राचे उत्तर असे आहे की धोका सारखेपणातच आहे. डार्विनने 1859 मध्येच लिहून ठेवले होते की जगण्याची चुरस सर्वांत तीव्र असते ती एकमेकांच्या जवळच्या जातींत, कारण त्यांचे अन्न, सवयी आणि गरजा सारख्या असतात. मराठी माणसाला हे समजायला शास्त्राची गरज पडू नये. बांधाचा वाद गावातल्या परक्याशी क्वचित होतो, चुलत भावाशी हमखास होतो. भाऊबंदकी हा शब्द ज्या भाषेत आहे तिला या नियमाचे मर्म आधीच ठाऊक आहे.

हा नियम प्रयोगाने दाखवला तो मॉस्कोच्या तरुण जीवशास्त्रज्ञ गॉजने. त्याचे 1934 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग अगदी साधे होते. पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती त्याने आधी वेगवेगळ्या नळ्यांत वाढवल्या, आणि दोन्ही सुखाने वाढल्या. मग त्याच अन्नावर त्या एका नळीत एकत्र ठेवल्या, तेव्हा काही दिवसांतच एक उरली आणि दुसरी संपली. कुणी कुणाला खाल्ले नव्हते. अन्न तेवढेच होते आणि एक जात त्याचा उपयोग किंचित अधिक चांगला करत होती, एवढेच. वरकरणी नगण्य वाटणारा तो फरक पिढ्यांच्या गुणाकारात निर्णायक ठरला. मात्र गॉजने हरलेल्या जातीबरोबर एक तिसरी जात ठेवून पाहिली, तेव्हा दोन्ही टिकल्या, कारण एक पाण्यात तरंगणारे अन्न खात होती आणि दुसरी तळाशी साचणारे. प्रयोगाचा हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, पण तो फार कमी सांगितला जातो. एकत्र राहता येते, पण वाटणी झालेली असेल तर. ज्या जाती हजारो वर्षे एकाच नदीत राहिल्या आहेत त्यांच्यात ती वाटणी झालेली असते. बाहेरून आणून सोडलेल्या जातीशी ती झालेली नसते, आणि ती होण्याइतका वेळ आपण दिलेला नसतो.

कावेरीत हे कसे घडले असेल याचा विचार केला तर स्पर्धा बरोबरीची नव्हतीच असे दिसते. पावसाळ्यात नदीत अंड्यातून बाहेर आलेले वशिंडवाल्याचे पिल्लू पुरातून, भक्षकांतून आणि उपासमारीतून वाट काढत मोठे होते. शेकड्यांनी नव्हे, हजारांनी मरतात तेव्हा एखादे उरते. त्याच वेळी त्याच्या शेजारी उतरते ते केंद्रात जपून वाढवलेले, बोटभर लांबीचे, ताकदीचे पिल्लू, आणि ते एकटे येत नाही, झुंडीने येते. दोघांनाही तेच किडे, तेच शिंपले, तीच पाण्यात पडणारी फळे हवी असतात. शिवाय जवळच्या जातींत संकर होण्याचा धोका वेगळाच. हे सारे एकट्या लोणावळ्याच्या माशाने घडवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. कावेरीवर धरणे झाली, वाळू उपसली गेली, सुरुंग लावले गेले, पाणी प्रदूषित झाले आणि कमीही झाले. पण बचावाचा हा मुद्दा मला उलट दिशेने नेतो. आजाऱ्याची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असेल, तर त्याला नवा संसर्ग होऊ देणे अधिक गंभीर ठरते. धरणाने अर्धमेल्या झालेल्या जातीच्या ताटात दुसरा वाटेकरी बसवणे हे तिच्या संरक्षणाच्या नावाखाली तर नक्कीच करता येणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे. मत्स्यव्यवसायाच्या नियोजनात एक कल्पना फार वापरली जाते, ती म्हणजे ‘रिकाम्या कोनाड्याची’. पर्यावरणशास्त्रात एखाद्या जीवाचे अन्न, वावर, प्रजनन, वेळ या सगळ्यांतून ठरणारे जे स्थान असते त्याला मराठीत कोनाडा म्हणण्याचा प्रघात आहे. जलाशयात तरंगत्या सूक्ष्म वनस्पती खाणारा मासा नाही, म्हणजे तो कोनाडा रिकामा आहे, तेव्हा तो भरणारी जात बाहेरून आणा, असा हा युक्तिवाद. शब्द सुंदर आहे, पण तो फसवतो. वाड्याच्या भिंतीतला कोनाडा गवंड्याने बांधलेला असतो, त्यात पणती ठेवा अथवा न ठेवा, तो तसाच राहतो. नदीतला कोनाडा भिंतीत नसतो, तो माशाच्या जगण्यातून तयार होतो. आपल्या नजरेला जे रिकामे दिसते ते बहुधा असे असते की त्या अन्नावर कुणी किडा जगतो, त्या किड्यावर एखादा छोटा मासा, आणि त्या माशाची पिल्ले मोठ्या माशाचे पहिले अन्न असतात. त्यांची नोंद आपल्या तक्त्यात नसते, कारण ते बाजारात येत नाहीत.

हिमाचल प्रदेशातल्या गोविंदसागर जलाशयाचे उदाहरण मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. सतलजवरच्या भाक्रा धरणामागच्या या जलाशयात कटला मासा चांगला स्थिरावला होता. 1971 मध्ये जवळच्या एका मत्स्यकेंद्रातून पुराच्या पाण्याबरोबर चिनी वंशाचा चंदेरी कार्प त्यात शिरला. कागदोपत्री दोघांचे आहार वेगळे होते. कटला मुख्यतः सूक्ष्म प्राणी खातो आणि चंदेरी सूक्ष्म वनस्पती. प्रत्यक्षात काही वर्षांत चंदेरी कार्पने जलाशय व्यापला आणि कटल्याचे प्रमाण घसरले. जलाशयाचे एकूण उत्पादन वाढले, हेही खरे. पण तक्त्यावर वेगळे दिसणारे दोन कोनाडे पाण्यात एकमेकांत मिसळलेले होते, आणि ते कुणी ठरवून तपासले नव्हते, तर एका पुराने दाखवून दिले. बंदिस्त तळ्यात ठेवलेला मासा बंदिस्तच राहील, या भरवशावर चालणाऱ्या सगळ्या योजनांनी हा पूर लक्षात ठेवला पाहिजे. महाराष्ट्रात असे कोणते शेततळे आहे की ज्याच्या सांडव्याचे पाणी शेवटी ओढ्याला मिळत नाही?

स्पर्धेचा नियम इतका कठोर असेल तर निसर्गात इतक्या जाती एकत्र राहतातच कशा, हा प्रश्न हचिन्सन या शास्त्रज्ञाने 1961 मध्ये सूक्ष्म पाणवनस्पतींच्या संदर्भात विचारला होता. त्याच्या उत्तराचा एक भाग असा की परिस्थिती सतत बदलत असते. एका जातीला विजय मिळण्यापूर्वीच ऋतू पालटतो आणि डाव पुन्हा मांडला जातो. सह्याद्रीतला एखादा ओढा डोळ्यांसमोर आणला की हे लगेच पटते. जूनमध्ये दगड लोळवत नेणारे पाणी, सप्टेंबरात निवळशंख प्रवाह, जानेवारीत पातळ झालेली धार आणि मे महिन्यात उरलेले चार डोह. दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मासा, वाळूत तोंड खुपसणारा, मधल्या पाण्यात थव्याने फिरणारा, आणि डोहाच्या तळाशी दबा धरणारा मरळ, या प्रत्येकाचा वर्षातला एक काळ भरभराटीचा असतो आणि एक तग धरण्याचा. कुणीच कायमचा जिंकत नाही. धरण हा खेळ बंद करते. बारमाही स्थिर पाणी आणि गाळाचा तळ तयार झाला की काहीही खाणाऱ्या, कुठेही वीण घालणाऱ्या मूठभर जातींना पुन्हा डाव मांडावा लागत नाही. म्हणून प्रवाहाचा प्रश्न आणि बाहेरच्या जातींचा प्रश्न हे दोन वेगवेगळ्या खात्यांचे विषय नाहीत. पाटबंधाऱ्याने ऋतू पुसायचे आणि मत्स्यविभागाने त्या पुसलेल्या पाटीवर बाहेरचे मासे लिहायचे, असे आपल्याकडे गेली अनेक दशके चालले आहे.

या विषयावर सार्वजनिक चर्चा होते तेव्हा ती ‘देशी विरुद्ध परदेशी’ या एकाच रुळावरून धावते. तिला आधार आहे. मोझांबिकचा तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि 1959 मध्येच त्याच्या प्रसाराला विरोध व्यक्त झाला, तरी तो थांबला नाही. आज भिगवणच्या बाजारात ‘चिलापी’ हे नाव इतके रुळले आहे की तो आफ्रिकेतून आला हे सांगावे लागते. आफ्रिकी मांगूर पाळण्यावर 2000 साली बंदी आली, तरीही तो आपल्या नद्यांत आणि बाजारांत आहेच. ही बंदी कडकपणे राबवली पाहिजे याबद्दल माझे दुमत नाही. पण देशाची सीमा माशाला कळत नाही. कावेरीच्या वशिंडवाल्याच्या दृष्टीने भीमेचा मासा आफ्रिकेतल्या माशाइतकाच परका होता, किंबहुना अधिक धोकादायक, कारण तो त्याच्याच ताटात जेवणारा होता. आपल्या जलाशयांत दरवर्षी सोडले जाणारे कटला, रोहू, मृगळ हे ‘भारतीय प्रमुख कार्प’ म्हणून सन्मानाने ओळखले जातात. पण त्यांची खरी भूमी उत्तरेतल्या मोठ्या नद्यांची, आणि सह्याद्रीच्या माथ्याजवळच्या ओढ्यांना ते कधीच ठाऊक नव्हते. माशाचा दाखला राज्याच्या किंवा देशाच्या नावाने नव्हे, खोऱ्याच्या नावाने काढला पाहिजे, एवढे एकच विधान मला या लेखात ठामपणे करायचे आहे. बाकीचे सगळे त्यातून निघते.

याला होणारा सर्वांत गंभीर आक्षेप पोटाचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये झाले. त्याच्या पाण्यावर आज हजारो मच्छीमार कुटुंबे जगतात, आणि त्यांच्या जाळ्यात जे येते त्यात चिलापी आणि सोडलेले कार्प यांचा वाटा मोठा आहे. नदीतल्या मूळच्या पुष्कळ जाती खोल, स्थिर पाण्यात वीण घालू शकत नाहीत. तिथे मासे सोडूच नका असे सांगणे म्हणजे धरणाची किंमत पुन्हा त्याच माणसांकडून वसूल करणे होय. गाव पाण्याखाली गेलेल्यांत तीही होती. म्हणून उजनीसारख्या जलाशयातून चिलापी काढून टाकण्याची भाषा मी करणार नाही, कारण ते शक्यही नाही. पण त्याच मच्छीमारांना विचारले तर ते वांब, मरळ, शिंगटा यांच्याबद्दल काय बोलतात ते ऐकण्यासारखे असते. देशी मासा कमी मिळतो, पण किलोला भाव चांगला मिळतो. स्वस्त माशाचे टन वाढवत नेणे हा उपजीविकेचा एकमेव मार्ग नाही. खोऱ्यातल्याच चांगल्या भावाच्या जातींचे बीज तयार करण्याची केंद्रे उभारणे हाही एक मार्ग आहे. लोणावळ्याला 1970 साली महाशीर साधला असेल, तर आज भीमेतल्या मरळाचे आणि वांबीचे बीज खोऱ्यातच तयार करणे अशक्य मानण्याचे कारण नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत 2020 पासून नद्यांत देशी माशांचे बीज सोडण्याच्या कामाला स्थान मिळाले आहे. तिथे ‘देशी’ या शब्दाचा अर्थ ‘त्याच नदीतल्या आईबापांचे’ असा काटेकोर घेतला, तर हा पैसा योग्य जागी जाईल. सैल घेतला तर कावेरीची कहाणी पुन्हा घडेल, आणि यावेळी सरकारी खर्चाने.

एक छोटे उदाहरण गावोगावचे आहे. डासांच्या बंदोबस्तासाठी नगरपालिका आणि ग्रामपंचायती गप्पी मासे वाटतात. बंद हौदात, कारंज्यात, बांधकामाच्या साठवणीत ते सोडण्यास हरकत नाही. पण उत्साहाच्या भरात ते ओढ्यांत, विहिरींत आणि तळ्यांत ओतले जातात, तेव्हा पृष्ठभागावर वावरणारे, डोक्यावर चमकता ठिपका मिरवणारे आपले छोटे मासे, जे डासांच्या अळ्या तितक्याच आवडीने खातात, त्यांच्या जागेवर हे दक्षिण अमेरिकेचे पाहुणे पसरतात. गप्पीची मादी थेट पिल्ले देते, वारंवार देते, आणि घाणेरड्या पाण्यातही तग धरते. एखाद्या ओढ्यात अळ्या खाणारे मासे आधीपासून आहेत की नाहीत हे पाहायला चहाची गाळणी आणि अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास कुणी देत नाही.

आपल्या राज्यापुरता विचार केला तरी खोऱ्याची रेषा फार जवळून जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचा एक थेंब इंद्रायणीतून भीमेत, कृष्णेत आणि बंगालच्या उपसागरात जातो, आणि हातभर अंतरावर पडलेला दुसरा कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. महाडजवळच्या वाळणकोंडीत आणि वाड्याजवळ वैतरणेकाठच्या टिळसे येथे लोकांनी देवाचे मासे म्हणून महाशीर पिढ्यान्‌पिढ्या राखले. कोणत्याही कायद्यापूर्वी, कोणत्याही अनुदानाशिवाय, भाविकांच्या मूठभर चुरमुऱ्यांवर. ते मासे त्या त्या नदीचे आहेत. घाटमाथ्याच्या पलीकडे वाढलेल्या महाशीराशी ते नात्याने किती जवळ आहेत, हे जनुकीय तपासणीने ठरेल. पण तोपर्यंत वाळणकोंडीतले मासे कमी झाले म्हणून लोणावळ्याचे बीज आणून तिथे भर घालण्याचा मोह कुणालाही झाला, तर तो श्रद्धेनेच आवरला पाहिजे. भर घालायची तर डोहाच्या वरच्या अंगाला होणारी वाळूची उपसणी आणि विषारी मासेमारी थांबवून घालावी.

माझ्या मते यातून काही गोष्टी आजच ठरवता येतात. धरण नसलेल्या वरच्या अंगाच्या प्रवाहांत, सह्याद्रीच्या उगमांजवळ, कोणताही मासा बाहेरून सोडू नये. तो देशी असो, दुर्मीळ असो किंवा धार्मिक कारणाने आणलेला असो. जलाशयात बीज सोडताना ते कोणत्या खोऱ्यातल्या आईबापांचे आहे याचा दाखला बरोबर असावा, जसा बियाण्याच्या पिशवीवर असतो. मत्स्यबीज सोडण्याच्या समारंभाच्या फलकावर लाखांचा आकडा लिहिला जातो, त्याच्या शेजारी त्या पाण्यात आधी राहणाऱ्या जातींची यादी लिहिण्याची सक्ती असावी. ती यादी ज्याला देता येत नाही त्याला मासे सोडण्याचा अधिकार नसावा. आणि गळकऱ्यांच्या वह्यांनी जे काम केले ते मच्छीमार सहकारी संस्थांच्या वह्यांनी करावे. एकूण किलो लिहिण्याऐवजी जातवार आणि आकारवार किलो लिहिले, तर उजनीत, जायकवाडीत, कोयनेत कोणती जात म्हातारी होत चालली आहे हे दहा वर्षांत कळेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, चार नवे रकाने लागतात.

वशिंडवाल्या महाशीराचे थोडे पाणी अजून उरले आहे. निलगिरीच्या पायथ्याशी वाहणाऱ्या मोयार नदीत, जी पुढे भवानीतून कावेरीला मिळते, तिथे अभ्यासकांना तो 2018 च्या त्याच संशोधनात सापडला. आता त्याचेही कृत्रिम प्रजनन करावे असा विचार पुढे येतो आहे, आणि तो करायचा तर त्याला लागणारा अनुभव ज्या जागी सर्वांत जुना आहे ती जागा लोणावळाच आहे. मोयारच्याच नर-मादीपासून, मोयारच्याच काठी, दुसऱ्या कोणत्याही महाशीराचा शिरकाव न होऊ देता हे बीज तयार करण्यात आपल्याकडच्या माणसांनी हात द्यावा, आणि मोयारच्या खालच्या पाण्यात निळ्या परांचा मासा गळाला लागला तर तो परत न सोडण्याची मुभा तिथल्या गळकऱ्यांना असावी.